माहेरच्या गावाला रकाना नाही

यंदा तीस सप्टेंबर रविवारी आला आणि लातूरच्या क्लासने त्याच दिवशी चाचणी ठेवली. भूकंपाला पंचवीस वर्षं होत होती. तारीख ठरवताना ते कुणाच्या लक्षात आलं नाही. या क्लासचा डेटाबेस मी सांभाळतो. बसतो नांदेडच्या शाखेत, सर्व्हर लातूरला असतो.

सकाळी फरीदाचा फोन आला. ती औशाला राहते, तिची लेक जेबा याच क्लासला आहे. ती आणि माझी बायको गोदावरी एका गावच्या, एका गल्लीतल्या. भूकंपात दोघींच्याही घरातलं दुसरं कुणी उरलं नाही. गोदावरी या चैत्रात गेली.

"दाजी, जेबा पेपरला न्हाई गेली," फरीदा म्हणाली. "गावाला धाडली मी तिला. माझा पाय प्लास्टरात हाय."

त्या गावात या दिवशी एकेका घराचं नाव पुकारतात. नाव घेतलं की त्या घरचं जे कुणी जिवंत असेल त्याने "हाय" म्हणायचं. लेकी सासरहून त्यासाठीच येतात. गोदावरी दरवर्षी जायची, मी मागे उभा राहायचो. यंदा एकट्याने जाणं माझ्याच्याने झालं नाही.

"गोदूच्या घराला बी तीच हाय म्हणणार," फरीदा म्हणाली. "तुम्ही तर येईनात."

मग तिने विचारलं, जेबाला पहिल्या, म्हणजे सगळ्यात हुशार पोरांच्या बॅचमधून काढतील का. बघतो म्हणालो.

बघायला कुणी माणूस नव्हताच. क्लासचे मालक श्रीपाद सर यांनी जूनमध्ये नियम केला होता आणि मी तो ट्रिगर म्हणून बसवला होता. ट्रिगर म्हणजे तक्त्याला बांधून ठेवलेला हुकूम. हजेरीच्या तक्त्यात कुणी गैरहजर पडलं की तो आपोआप चालतो. पोराला शेवटच्या बॅचमध्ये टाकतो आणि घरी मेसेज पाठवायला लावतो. एकदा गेलेली बॅच त्या वर्षी परत मिळत नाही. जेबाने दहावीपासून त्या बॅचसाठी मान मोडून अभ्यास केला होता. हजेरीची फाइल साडेअकराला लातूरहून आपोआप चढणार होती.

सरांना फोन लावला. ते परीक्षेच्या गडबडीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या गावची पोरं सोडा. बाकी एक नाही. सवलत दिली की सगळ्यांचे आजोबा मरायला लागतात."

क्लासच्या स्क्रीनवर या कामाला बटण नाही. काळ्या खिडकीत सर्व्हरला जोडून कमांड हाताने टाइप कराव्या लागतात. ट्रिगर जागच्या जागी दुरुस्त होत नाही, जुना काढायचा आणि नवा बांधायचा. मी आधी जुन्याचा मजकूर बाजूला जतन केला. मग नवी अट लिहिली, की गाव अमुक असेल तर सोडून दे. बांधण्याआधी त्या अटीत कोण कोण बसतं ते काढून पाहिलं. नावं आली. त्यांत जेबा नव्हती.

जेबाचं गाव औसा लिहिलेलं होतं. बापाचं गाव. भूकंपानंतर त्या गावच्या पोरी औशाला, शिरूरला, जळकोटला दिल्या गेल्या. त्यांची लेकरं आता याच क्लासमध्ये आहेत, आणि आईचं गाव विचारणारा रकाना आमच्या फॉर्मवर नाही.

जेबाचं नाव तेवढं अटीत घालता आलं असतं. तसं टाइपही केलं. मग जळकोटच्या पोरांचं काय, असं मनात आलं. त्यांच्या आयांकडे माझा नंबर नाही. मी ती ओळ खोडली.

सरांना पुन्हा फोन केला. बंद. परीक्षेच्या हॉलमध्ये गेले की ते फोन बंद ठेवतात. तेवढ्यात नेट गेलं आणि खिडकी गोठली. पुन्हा जोडणी लावली, पासवर्ड एकदा चुकला. साडेअकरा वाजतच आले होते. ट्रिगर काढायची कमांड टाइप केली, एंटर दाबलं आणि नवा बांधला नाही.

फाइल चढली. गैरहजर, गैरहजर अशा नोंदी पडत गेल्या. बॅचेसचा तक्ता तपासला. कुणी हललं नव्हतं. मेसेजचा तक्ता रिकामा होता. पुन्हा पुन्हा तपासला.

पेपर सुटल्यावर मीच सरांना सांगितलं.

"म्हणजे सिनेमाला गेलेले पण सुटले," ते म्हणाले.

"सुटले."

"मी काय सांगितलं होतं?"

"गावची पोरं सोडा. तेवढीच सोडायची तर लेकींची पोरं मारली गेली असती. ती कोण, हे मशीनला माहीत नाही सर. मलाही नाही."

सर म्हणाले, जुना ट्रिगर आत्ताच्या आत्ता परत बांधा. आजचं झालं ते झालं. आणि उद्या लातूरला येऊन सगळे पासवर्ड शिवप्पाच्या ताब्यात द्या. शिवप्पा तिथला दुसरा माणूस. बरं म्हणालो. विचारून केलं नव्हतं, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. जतन केलेला मजकूर काढून होता तसा बांधला.

दुपारी गावाहून जेबाचा फोन आला. गोदावरी तिची खाला, म्हणजे मावशी, म्हणून ती मला खालू म्हणते. मागे माणसांचा आवाज होता. दोन्ही घरांना हाय म्हटलं, असं तिने सांगितलं.

"खालू, उद्या कुठल्या बॅचला बसू?"

"पहिल्या," मी म्हणालो. "वेळेवर जा."