रफूचा मोजा

थोरल्याच्या फायद्याचा हिशेब सोपा होता. त्याची वाइन पसंत पडली की तळघराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आणि धाकटा जन्मभर त्याच्या हाताखाली. वडिलांनी तसं जाहीरच केलं होतं.

घरची पांढरी वाइन आजवर एकाच द्राक्षाची. यंदा दोघा भावांनी फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्याच्या पद्धतीनं तीन जातींची आपापली मिसळण केली होती: अंगाला मार्सान, वासाला रूसान, वर नावापुरतं व्हिओनिए. थोरल्याचा भर मार्सानवर, धाकट्याचा रूसानवर.

निवाड्याची रीत जुनी. बाटल्यांवर वडिलांचे लोकरी मोजे चढवायचे, म्हणजे कुठली कुणाची ते कळू नये. हे काम थोरल्याच्या बायकोचं, कारण ती वाइनला तोंड लावत नसे. सकाळी थोरला पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात डोकावला. त्याच्या बाटलीवर टाचेला रफू केलेला मोजा चढत होता. तहान लगेच भागली.

दुपारी सगळे टेबलाभोवती बसले. वडिलांनी आधी थोरल्याला चाखायला लावलं.

रफूवाल्या बाटलीतला घोट घेऊन त्यानं डोळे मिटले. "वा! जर्दाळू, मध... ही करणाऱ्याचा हात धरणारं कुणी नाही!" मग दुसरी. "आणि ही? भिजलं पोतं पिळलंय नुसतं. करणाऱ्यानं खुशाल भाजी विकावी."

"दादा, जरा हळू," धाकटा म्हणाला. "करणारा इथंच बसलाय."

मोजे उतरले. रफूखालून धाकट्याच्या नावाची बाटली निघाली. तो आधी बाटलीकडे, मग दादाकडे बघत राहिला. चेहरा असा उजळला की वडीलही हसले.

"असं कसं?" थोरला उठलाच. "रफूचा मोजा माझ्या बाटलीवर होता!"

बोलून गेला, आणि मग त्याला ते ऐकू आलं.

"अहो, तुमचं बूच झिरपत होतं," बायको पुटपुटली. "मोजा भिजला. वाळवून परत घालताना भाऊजींच्या बाटलीला गेला." तिनं मोजे गोळा केले आणि स्वतःच केलेलं रफू मुठीत झाकलं.

वडिलांनी पेला खाली ठेवला. "जीभ मागितली होती रे तुझी. डोळे नव्हते."

थोरला लाल झालेल्या कानांनी टेबलावरचा ओला डाग पुसत राहिला. डाग कधीच गेला होता.

किल्ल्या धाकट्याकडे सरकल्या. त्यानं त्या उचलल्या नाहीत.

थोरल्यानं गमावलं ते त्यानंच डावावर लावलं होतं. पण दादाच्या तोंडची शाबासकी धाकट्याला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती, आणि ती मोज्याची निघाली. खरा भुर्दंड पडला तो जिंकणाऱ्याला.