तोंडात चार स्क्रू

मी खिडकी बोलतेय. तोंडात चार स्क्रू आहेत, तरी बोलतेय.

विद्यापीठातल्या रसायनाच्या प्रयोगशाळेत मला बसवलं ते वारा यावा म्हणून. सुताराने तीनदा उघडझाप करून बघितली होती. वीस वर्षं कुरकुरत का होईना, मी काम केलं. मग महागडं यंत्र आलं. त्याला गारवा लागतो म्हणून एसी आला आणि गारवा बाहेर जातो म्हणून मला स्क्रू मारले.

तेव्हापासून एका खोलीत दोन ऋतू. यंत्रापाशी पोरं स्वेटर घालून कुडकुडतात. माझ्या कोपऱ्यात भट्टी आणि मोरी. तिथे मावशी बाटल्या धुवायची, घामाने निथळत, ॲसिडची वाफ तोंडावर घेत. यंत्र जरा घुरघुरलं की इंजिनिअर धावत येतो. मावशी वर्षभर खोकत होती.

"सर, खिडकी तेवढी उघडून द्या."

"यंत्र तापेल, मावशी."

"मी तापले तर चालतंय वाटतं."

सर हसायचे. हसण्यावारी नेणं त्यांना छान जमतं.

शेवटी तिने मुलीकडून अर्ज लिहून घेतला आणि वर दिला. हवा मोजायला माणूस येणार असं ठरलं. आदल्या दिवशी सर म्हणाले, "उद्या पाहुणे येताहेत. भट्टी बंद ठेवा, बाटल्या कपाटात ठेवा आणि खिडकी उघडा."

खिडकी उघडा म्हटल्यावर बाईला पुढचं-मागचं काही सुचलंच नाही. सकाळी स्क्रू तिनेच काढले. माझ्या चौकटीला टेकून पोटभर श्वास घेतला. मलाही बरं वाटलं. दोघी मूर्ख.

माणूस आला. टेबलावर डबीएवढं यंत्र ठेवून तासभर बसला. "हवा चांगली आहे की. तक्रार कुणाची होती?"

"अहो, आज उघडलीय म्हणून," मावशी म्हणाली. स्क्रू अजून तिच्या मुठीत होते.

"आज मोजलं तेच लिहिणार ना, बाई."

दुपारी सरांनी ते स्क्रू तिच्याकडूनच मागून घेतले. हवा चांगली असल्याचा कागद माझ्याच काचेवर चिकटवला.

आता मावशी येत नाही. तिच्या जागी तिच्याच गल्लीतली बाई आलीय. मावशीला आडवं होता येत नाही, बसूनच झोपते, असं ती सांगते. सांगता सांगता खोकते.

माझं म्हणणं एवढंच, मोजायला याल तर न सांगता या. पण कशाला याल? कागद लागलाय.