भानुकाका आणि टिटवीची अंडी

भानुकाकांच्या अंगाला ओल्या शेवाळाचा वास येई. चैत्रात गावचे तळे आटू लागले की पाझराच्या दगडांवर तेवढी हिरवी मखमल शिल्लक राही. काका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, सकाळच्या कोवळ्या उन्हात तिच्याशेजारी उकिडवे बसत आणि खंड्याची बुडी, बेडकाची उडी, चिखलातली बगळ्याची संथ पावले तासन्‌तास न्याहाळत. घरचे त्यांना बिनकामाचे म्हणत. ते अगदीच खोटे नव्हते.

निजामी अंमलातल्या त्या दिवसांत आमच्याकडची पेरणी टिटवीच्या भरवशावर ठरे. अंडी उंचावर असली तर पाऊस भरपूर, म्हणजे तळ्याकाठचे सखल रान पाणी साचून चिबडणार, ते सोडून द्यायचे. अंडी खाली असली तर पाऊस कमी, आणि मग त्याच रानावर वर्षाची ज्वारी. एका वैशाखात टिटवीने नेमकी खाली, गुरांच्या वाटेवर अंडी घातली. काकांना राहवले नाही. रोज थोडी थोडी सरकवत त्यांनी ती बांधाच्या माथ्यावर नेली, आणि ती खुळी माय कर्कश ओरडत का होईना, त्यांच्या मागोमाग जाऊन बसत राहिली. गावाने अंडी पाहिली आणि सखल रान पडीक ठेवायचे ठरवले.

ते ऐकून काकांचा चेहरा उतरला. तडक वडिलांपुढे येऊन उभे राहिले.

"अण्णा, अंडी म्या वर नेली. पाखरानं खालीच घातल्ती."

"मंग खालचं रान पेरायचं म्हणतोस?"

"ते मला ठाऊक न्हाई. माझ्यामुळं कुणी चुकू नये, एवढंच."

काकांनी घरोघर जाऊन हेच सांगितले. लोक हसले, पाखरू वर बसले म्हणजे त्याला जागा पटलीच की, म्हणाले. वडिलांनी मात्र सखल रान पेरले. पाऊस बेताचाच झाला, आणि त्या साली ज्वारी आमच्याच घरी आली.

तिथून पुढे टिटवीला कुणी विचारीना. काका तळ्याच्या कोणत्या अंगाला बसतात, बांधावर चढतात की पाझराशी उतरतात, यावरून गाव पेरणीचे आडाखे बांधू लागले. मला यातले काही कळत नाही, असे ते परोपरीने सांगत. जाणता माणूस असेच बोलतो, असे लोक म्हणत. मला काकांची फार कणव येई. आपल्या बसण्या-उठण्यावर कुणाचे तरी वर्ष बुडेल, या धास्तीने अखेर त्यांनी तळ्यावर जाणेच सोडले.

काळाने त्यांना नेले ते पुष्कळ वर्षांनी. पण माझ्या स्मरणात ते गेले त्या धास्तीतच: त्यांच्याकडे पाहणारे सारे गाव होते, आणि तळ्याकडे नुसते पाहणारा एकच माणूस होता, तो उठून गेला.