सासूबाईंची पाटी, सूनबाईचा आवाज

सासूबाईंच्या तोंडाला कुलूप लागलं तेव्हा सूनबाईला आधी वाईट वाटलं आणि लगेच हायसं वाटलं. हायसं वाटल्याबद्दल पुन्हा वाईट वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. गळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजी, आवाजाच्या नळीला सूज आहे. तीन आठवडे तोंडातून ब्रसुद्धा काढायचा नाही. कुजबुजायचंही नाही."

आता या आजी कोण, ते सांगायला हवं. सूनबाईचं चष्म्याचं दुकान, आणि दाराशेजारच्या खुर्चीवर सासूबाईंचं ठाणं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या खणखणीत आवाजात सांगायच्या, "बाळा, तुझा नंबर कितीही वाढू दे, प्रभू येशूला तू लांबूनही स्पष्ट दिसतोस!" पोस्टमन असो की बँकेचा मॅनेजर, सुटका कुणाचीच नव्हती. लोक हसायचे, काही जण खुर्ची ओढून आणखी विचारायचे, एखादाच तोंड वाकडं करून निघून जायचा. सूनबाईचं लक्ष नेमकं त्या एखाद्याकडे. श्रद्धा तिचीही होती, रविवार तिनं कधी चुकवला नव्हता. पण ती श्रद्धा घरात आणि चर्चमध्ये. काउंटरवर देवाचं नाव काढलं की गिऱ्हाईक बिथरतं, असं तिचं ठाम मत. सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ती कानकोंडी होऊन भिंगं पुसत बसायची. अकरा वर्षांत मुळातच स्वच्छ असलेली इतकी भिंगं तिनं पुसली, की विचारू नका.

तीन आठवडे शांतता! ती शांतता दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत टिकली.

साडेदहाला सासूबाई पाटी-पेन्सिल घेऊन खुर्चीत बसल्या आणि पहिल्याच गिऱ्हाइकापुढे त्यांनी पाटी धरली. गिऱ्हाईक म्हणजे बँकेचे मॅनेजर. त्यांनी पाटी लांब धरली, जवळ धरली, उजेडात नेली.

"काय लिहिलंय हो? माझा चष्मा तुमच्याकडेच दुरुस्तीला आहे ना!"

चष्म्याच्या दुकानात येतो कोण? ज्याला वाचता येत नाही तो! सासूबाईंनी डोळ्यांनीच सुनेला खूण केली. म्हातारं माणूस, त्यात आजारी. नाही कसं म्हणणार? औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशा सुरात सूनबाईनं वाचलं, "आई म्हणतात, की प्रभू येशूचं तुमच्यावर प्रेम आहे."

"वा," मॅनेजर म्हणाले. "सकाळपासून पहिलंच कुणीतरी बरं बोललं."

आठवडाभर हेच चाललं. सासूबाई लिहायच्या, सूनबाई वाचायची. 'आई म्हणतात' हे दोन शब्द मात्र ती कधी गाळत नसे. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली की नेम चुकला तरी आपलं काय जातं? आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक काही बिथरलं नाही. एक गृहस्थ तर "पुन्हा एकदा वाचा बघू" म्हणाले.

मग एके दुपारी समोरच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. नंबर वाढवून घ्यायला ही त्यांची वर्षातली तिसरी खेप. सूनबाईनं उजवा डोळा तपासला. त्यांना तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षरसुद्धा दिसेना.

"मावशी, आता चष्म्यानं भागणार नाही. मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन करावंच लागेल. आणखी लांबवलंत तर डोळा हातचा जाईल."

"जाऊ दे. दुसरा आहे की."

"मावशी!"

"अगं, जागं ठेवून करतात म्हणे ते. दार बंद, आणि आत आपलं माणूस कुणी नाही. माझी तर पाचावर धारण बसते. मी नाही जायची."

सासूबाईंची पेन्सिल कुरकुरली. सूनबाईनं वाचलं, "आई म्हणतात, घाबरू नका. प्रभू तुमच्याबरोबर आत येईल."

मावशींनी मान वर केली. अंधुक नजरेनं सूनबाईचा चेहरा शोधत त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही हे नुसतं वाचता, की तुम्हालाही खरं वाटतं?"

दुकानात मॅनेजर होते, फ्रेम्स लावून बघणारी एक कॉलेजची मुलगी होती. दोघंही थांबली. सूनबाईनं मदतीसाठी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पाटी मांडीवर उलटी ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून त्या गप्प बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःच्या मर्जीनं.

हो म्हणून विषय संपवता आला असता. पण मावशी नुसतं 'हो' ऐकायला थांबल्या नव्हत्या. त्यांचा डोळा वाचणं त्या एका उत्तरावर अडलं होतं.

"सासरे गेले आणि हे दुकान माझ्या अंगावर पडलं," ती हळू बोलू लागली. "भिंगातलं काही कळत नव्हतं. पहिल्या दिवशी शटर उघडायचा धीर होईना. कुलूप हातात धरून म्हटलं, प्रभू येशू, आधी तू आत जा, मग मी येते. तो गेला असणार, कारण मी आत गेले. तेव्हापासून रोज म्हणते. आजही म्हटलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, आईंनासुद्धा नाही."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मावशींनी चाचपत सूनबाईचा हात धरला.

"मग माझ्या वेळी म्हणाल? तिथं, दाराशी येऊन?"

"म्हणेन."

म्हणाली खरी. पण पुढच्या मंगळवारी सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात पोचली तर बाकावर सात जण ओळीनं बसलेले, कोणता डोळा ते कळावं म्हणून कपाळावर खुणेच्या पट्ट्या, आणि त्यातले चार तिचेच गिऱ्हाईक! मावशींचा नंबर पहिला. सूनबाईनं त्यांचा हात धरला आणि ओठांतल्या ओठांत सुरुवात केली.

"मोठ्यानं हो ताई," मावशी म्हणाल्या. "थेंब घातलेत, दिसत तर काही नाही. निदान ऐकू तरी येऊ दे."

सूनबाईनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज चढवला. "प्रभू येशू, मावशींच्या आधी तू आत जा. त्यांना भीती वाटतेय, त्यांचा हात सोडू नकोस. आमेन."

कुणी हसलं नाही. उलट शेजारचे गृहस्थ जवळ सरकले. "दुसरा नंबर माझा. माझ्यासाठीही म्हणा की. मी तुमच्या चर्चचा नाही, चालेल ना?"

"त्याला चालतं," सूनबाई म्हणाली, आणि आपलंच उत्तर ऐकून तिला इतका आनंद झाला की हसूच फुटलं.

मग काय, तिसरा, चौथी, पाचवी! प्रत्येकाची भीती वेगळी. कुणाला खोकला येईल म्हणून, कुणाला घरी मांजर एकटंच आहे म्हणून. सूनबाईनं मांजरसुद्धा सोडलं नाही. सहावे आजोबा तोंड वाकडं करून म्हणाले, "मला असलं काही लागत नाही."

"बरं आजोबा. तुम्ही म्हणाल तसं."

आजोबांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं. "थोडक्यात असेल तर म्हणा."

सासूबाई 'आमेन' लिहून दर वेळी पाटी उंच धरत होत्या. बाकावरच्या एकालाही ती दिसत नव्हती, पण त्यांचा उत्साह काही कमी होईना.

सातवी प्रार्थना संपली आणि मागून आवाज आला, "हे कोण बोलतंय?"

दाराशी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, खांद्याला बॅग, हातात डबा. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. नर्सनं कपाळाला हात लावला. आता बोलणी बसणार हे सूनबाईला कळून चुकलं. सासूबाईंनी तर लगेच पाटीनं स्वतःकडे खूण केली, म्हणजे दोष मला द्या.

"मी बोलतेय," सूनबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बॅग खाली ठेवली. "सगळ्यांसाठी झालं," त्या म्हणाल्या. "पण हात तर माझे असतात. वीस वर्षं झाली, त्या दाराशी रोज मलाही भीती वाटते. माझ्यासाठी कुणी म्हटलंच नाही."

आणि बाकाच्या टोकाला, आठव्या जागेवर, त्या डोळे मिटून बसल्या.