घंटेच्या दोराची घालमेल

मित्रांनो, मी चर्चच्या घंटेचा जुना दोर आहे. दोर म्हटलं की तुम्हाला वाटेल, निवांत लोंबकळणारी एक वस्तू. तसं काही नाही. मला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. वारा नसला तरी मी हलतो. कुणी हात लावला नाही तरी अर्धा फेरा घेतो आणि पुन्हा उलटा फिरतो. जन्मातच तशी खोट आहे. मला वळणाऱ्या कारागिराचं त्या दिवशी बायकोशी वाजलं होतं. घरचा सगळा राग त्यानं चाकावर काढला आणि माझ्या तिन्ही पदरांना हवा त्याहून जास्त पीळ दिला. त्याच्या धाकट्या भावानं मला हातात घेऊन पाहिलं आणि तो म्हणाला, "दादा, हा काही एका जागी राहायचा नाही."

"मग घंटेला दे," दादा म्हणाला. "तिथे हलायचंच काम आहे."

अशी माझी नेमणूक झाली. मनोऱ्यात वर घंटा आहे. तिच्या चाकाला माझं वरचं टोक बांधलेलं. तिथून मी खाली येतो, लाकडी तक्तपोशीतल्या, म्हणजे छतातल्या, एका भोकातून बाहेर पडतो आणि दारातल्या पडवीत लोंबतो. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस माझ्या अंगावरून जातो. त्यामुळे मला सगळ्यांची माहिती असते, आणि ती नसती तर मी जरा सुखात राहिलो असतो.

चर्च चालतं ते बिनपगारी माणसांच्या जिवावर. फादर बिचारे एकटे किती करतील? मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्यांनी करायची, बाकी सगळं सेवा करणाऱ्यांनी. आलेल्यांना बाकावर जागा दाखवणारे गृहस्थ आठवडाभर जोड्यांच्या दुकानात असतात, म्हणून ते माणसाच्या तोंडाआधी पाय बघतात. वाचन करणारा वाचक बँकेत कारकून आहे. मिस्सेआधी तो माझ्याशेजारी उभा राहून तालीम करतो आणि अवघड नाव आलं की खोकतो. वेदीवर फुलं लावणारी फुलमावशी टपाल कचेरीत कामाला आहे. पडवी झाडण्याचं कामही तिनंच आपण होऊन घेतलंय. आणि घंटा वाजवणारे आमचे घंटाकाका. आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त करता करता घंटाही वाजवली आणि निवृत्त झाल्यावर तर त्यांनी जवळजवळ माझ्यापाशीच मुक्काम ठोकला.

या मंडळींत एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळे कसोशीनं पाळतात. दुसऱ्याच्या सेवेत नाक खुपसायचं नाही. पगारी माणूस चुकला तर त्याला चार शब्द सुनावता येतात. पण जो आपला वेळ देऊन, मनापासून, देवासाठी राबतो, त्याला बोलायचं कसं? वाचक खोकला तर सगळे खाली बघतात. फुलं वाकडी लागली तरी "वा, छान" म्हणतात. मला हा नियम फार गोड वाटायचा. पुढे तोच माझ्या गळ्याशी आला.

घंटाकाकांनी पहिल्यांदा मला धरलं तेव्हाच मला कळलं, हा हात जाणता आहे. रविवारी ते मला सरळ, बेतानं ओढत. कुणी वारलं की एकच ठोका देत आणि मला दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवत. तेवढा वेळ माझ्यासारख्या चुळबुळ्यालाही ते शांत करत. लग्नाला मात्र काकांचा नूरच वेगळा असे. सगळा भार माझ्यावर टाकून ते खाली येत, पुन्हा वर उचलले जात, त्यांच्या टाचा जमिनीवर टेकत नसत. लोक बाहेर उभे राहून म्हणत, "घंटा किती गोड वाजते!" दोराचं नाव कुणी काढत नसे. पण काका जाताना माझ्यावर एक थाप मारत, आणि मला तेवढं पुरे होतं.

मग एका वर्षी चर्चला रंग लागला. रंगाऱ्यानं तक्तपोशी चकचकीत केली. तिच्यातलं माझं भोक त्याला ओबडधोबड दिसलं, म्हणून त्यानं भोकाच्या कडेला पत्र्याची छान गोल पट्टी ठोकली. फादरांनी कौतुक केलं, सगळ्यांनी केलं. ती पट्टी खालून खरंच सुबक दिसते. वरून तिची धार कशी आहे हे फक्त मला माहीत होतं.

पहिल्याच रविवारी काकांनी मला ओढलं आणि माझ्या अंगातून एक तंतू सुटला. मला वाटलं, होईल सवय. पुढच्या खेपेला आणखी दोन सुटले. ते हळूहळू तरंगत खाली फरशीवर पडले. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. प्रत्येक ठोक्याला मी त्या धारेवर घासतो आणि आतल्या आत झिजतो. वर अंधार, त्यामुळे कुणाला काही दिसत नाही. खाली हाताशी मी जाडजूड, गुळगुळीत, धडधाकट. एक पदर पुरता तुटला तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, आणि ती माझी नव्हती. मी तुटलो तर मला काय, जमिनीवर पडेन. पण काका सगळा भार माझ्यावर टाकतात आणि त्यांच्या पाठीमागे दगडी पायऱ्या आहेत.

मी काय काय केलं नाही! ऐन ओढताना त्यांच्या हातात गिरकी घेतली. त्यांची टोपी पाडली. एकदा तर कानफटात बसलो. काका हसले आणि वाचकाला म्हणाले, "आज स्वारीचं काहीतरी बिनसलंय." वाचकानंही नियमाप्रमाणे मान डोलावली. आपल्याला तोंड नाही याचं मला त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं.

माझी सगळी आशा त्या तंतूंवर होती. ते पिवळट तपकिरी पुंजके रोज फरशीवर पडत होते. कुणीतरी विचारेलच ना, हे कुठून आले? पण नाही. दर शनिवारी फुलमावशी यायची, पुंजक्यांकडे बघून सुस्कारा टाकायची आणि झाडून न्यायची. रविवारी घंटा वाजली की पुन्हा चारदोन पडायचे. ते काका स्वतः वाकून उचलायचे आणि इकडेतिकडे बघून कोटाच्या खिशात टाकायचे. दोघांनाही ते दिसत होते आणि दोघंही चकार शब्द काढत नव्हते. मी वर झिजत होतो, खाली लख्ख स्वच्छता होती. दुसरा पदरही गेला.

अशातच काकांच्या नातीचं लग्न ठरलं. ही त्यांच्या लेकीची मुलगी. काका आठ दिवस आधीपासून पडवीत फेऱ्या मारत होते. भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी फाटकाबाहेर जाईपर्यंत घंटा थांबवायची नाही मी. सगळ्या गावाला कळलं पाहिजे." माझी मात्र पाचावर धारण बसली होती. एका पदरावर मी रविवारची घंटा कशीबशी सोसत होतो. लग्नाची घंटा माझ्याच्यानं सोसवणार नव्हती. आणि मी कोणत्या क्षणी तुटणार हेही मला दिसत होतं. नात दारातून बाहेर पडेल, काका सगळा जीव ओतून मला ओढतील, तेव्हा.

लग्नाच्या सकाळी फुलमावशी लवकर आली. पडवीत फुलांच्या कुंड्या मांडल्या, झाडू घेतला आणि थांबली. आदल्या दिवशी काकांनी तालीम म्हणून मला दोन-चारदा जोरात ओढलं होतं. फरशीवर चांगला मूठभर पुंजका पडला होता. मावशीनं तो उचलला. तेवढ्यात काका आले. नवे बूट आणि वर तोच जुना तपकिरी लोकरी कोट. मावशी कोटाकडे बघत राहिली.

"काका, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"बोल की. आज मी कुणावर रागावणारेय?"

"तो कोट आज घालू नका. पोरीचा पांढराशुभ्र झगा इथून फरशीवरून घासत जाणार. सगळा त्याला चिकटेल हो."

"काय चिकटेल?"

"अहो, झडतोय तो! रंग लागल्यापासून दर शनिवारी मी इथून पुंजके काढतेय. म्हटलं, एवढे हौसेनं येतात, कशाला त्यांना कोटावरून बोलायचं."

काका एवढ्या मोठ्यानं हसले की मी हललो. "माझा कोट? अगं बाई, मला वाटत होतं तुझा झाडू झडतोय! मी आपला गुपचूप उचलून खिशात घालतो. म्हटलं, एवढ्या भल्या बाईला झाडूवरून कोण बोलणार." त्यांनी खिसा उलटा केला. खिशातून पक्ष्याचं घरटं होईल एवढा भुसा निघाला.

मावशीला हसू आवरेना. "झाडू तर मी गेल्या महिन्यात नवा आणलाय!"

"आणि कोटाला हात लावून बघ. एक धागा निघाला तर शपथ."

तिनं हात लावला. धागा निघाला नाही. तिनं आपल्या मुठीतला पुंजका काकांच्या तळहातावरच्या भुशाशेजारी ठेवला आणि बोटांनी चोळला. दोन्ही सारखेच. हसू हळूहळू ओसरलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग मान वर केली. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी वर पाहत होतं.

काका बाकावर चढले. मावशीनं मोबाइलचा उजेड धरला. काकांनी भोकात बोटं घालून मला चाचपलं आणि पत्र्याची धार चाचपली. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"एकच पदर राहिलाय."

नवा दोर आणायचा, मनोऱ्यात चढायचं, बांधायचा, निदान अर्धा दिवस तरी हवा. इकडे फाटकाशी गाड्या लागायला लागल्या होत्या. वाचक धावत आला. "माझ्या फोनमध्ये घंटा आहे. अगदी खरी वाटते. स्पीकरला लावू?" काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं फोन खिशात ठेवला आणि तो खोकला.

मिस्सा सुरू झाली. गाणी झाली, वाचन झालं, आतून शपथा ऐकू आल्या. काका आत गेले नाहीत. माझ्यासमोर येरझारा घालत राहिले. मग एकदम थांबले आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं.

"एकदाच. अगदी हळू."

मावशी दारातच होती. "हात काढा, काका."

"तिला शब्द दिलाय मी."

"घंटेची सेवा तुमची. आजवर मी त्यात कधी बोलले का? पण आज बोलणार. हात काढा."

काकांनी हात काढला नाही. त्यांच्या तळव्याला घाम सुटलेला मला कळत होता. आतून सगळे उठल्याचा आवाज आला, दार उघडलं, उजेड आत गेला. हाच तो क्षण, मला माहीत असलेला. काकांची पकड आवळली. मी उरल्यासुरल्या पदरानं स्वतःला गच्च धरलं. नात उंबऱ्यावर आली, शेजारी नवरा, मागे तिची आई. ती थांबली आणि तिनं कान दिला.

"आजोबा, घंटा?"

काका मला धरून उभे राहिले. त्यांनी मला ओढलं नाही. "आज घंटा नाही, बाळ," ते म्हणाले. "दोर तुटायला आलाय." आणि भर लग्नात, सगळ्यांसमोर, त्यांचे डोळे भरून आले.

नातीनं माझ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही आज मोकळे आहात?"

"म्हणजे?"

"आईच्या लग्नात तुम्ही घंटा वाजवत इथेच राहिलात. आई अजून सांगते, फाटकापर्यंत ती मागे वळून बघत होती. सगळे आले, तिचे बाबा तेवढे आले नाहीत." तिनं हात पुढे केला. "चला ना. मला सोडायला फाटकापर्यंत चला."

काकांनी लेकीकडे पाहिलं. लेक दुसरीकडे बघत डोळे पुसत होती. काकांनी मला सोडलं. जाताना माझ्यावर थाप मारायलाही ते विसरले. एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला लेक, मध्ये तपकिरी कोटातले आमचे काका. पायऱ्या उतरताना त्यांचा तोल जरा गेला, तेव्हा लेकीनं त्यांचा दंड धरला आणि फाटकापर्यंत तो सोडला नाही. कुणी काही वाजवलं नाही. फरशीवरून जाणाऱ्या झग्याची सळसळ मला ऐकू आली, मग पावलं, मग दूरवर त्या तिघांचं हसणं.

दुसऱ्या दिवशी मला उतरवलं. पत्र्याची पट्टीही काढली. आता मी अडगळीच्या खोलीत जुन्या मेणबत्त्यांच्या खोक्यावर वेटोळं होऊन पडलोय आणि इथेही चुळबुळ करतोय, कारण तुम्हाला हे सांगायचं राहिलं होतं. मित्रांनो, जे काम करतात त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. काही झडताना, झिजताना दिसलं तर विचारा. फार तर माणूस रागावेल, आणि रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. आणि तुमच्या घरात कुणी प्रत्येक समारंभात मागे राहून सगळ्यांसाठी राबत असेल, तर एकदा त्याच्या हातातलं काम काढून घ्या आणि त्याला आपल्याबरोबर घेऊन चला. कामाचं काय होईल याची चिंता करू नका. दोर नवा मिळतो.