गव्हाण फाट्यावरचा फ्लेक्स

कॉलेजचा शिक्का ऑफिसातल्या सत्यवतीबाईंच्या कपाटात होता, कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती, आणि पर्ससकट सत्यवतीबाई भाचीच्या हळदीला उलव्याला गेल्या होत्या. शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता ऑफिसच्या खिडकीशी उभ्या असलेल्या किशोरीला हे सांगण्यात आलं. आगरी घरातली हळद म्हणजे सोमवारच्या आत कोणी परतत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"पण सही तर झालीय ना सर?" तिची वर्गमैत्रीण यूम्नाने खिडकीत डोकं घालून विचारलं.

"सही झाली. शिक्क्याशिवाय सहीला काय अर्थ आहे?" आतला माणूस म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

त्या एका सहीसाठी दोघींनी आठवडाभर खेटे घातले होते. सोमवारी प्राचार्य मीटिंगमध्ये होते, मंगळवारी मीटिंगहून थकून आले होते. बुधवारी त्यांनी अर्ज वाचला आणि 'हॅकिंग' हा शब्द बघून विचारलं, "हे पोलिसांचं लफडं नाही ना?" गुरुवारी विभागप्रमुखांचं शिफारसपत्र जोडायला सांगितलं. पनवेलातल्या त्या कॉलेजला चार वर्षं फी भरून सायबर सिक्युरिटी शिकायची, आणि मग ती चोरी नव्हे हे त्याच कॉलेजला समजावून सांगायचं, या प्रकाराने किशोरीच्या नाकी नऊ आले होते.

गोष्ट साधी होती. देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी एक स्पर्धा भरली होती. मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या वेबसाइटमधली भोकं शोधायची आणि ती बुजवून दाखवायची. साडेतीनशे संघांतून वीस संघ बंगलोरच्या अंतिम फेरीला निवडले गेले आणि त्या विसांत किशोरी आणि यूम्ना होत्या. अंतिम फेरीतल्या पहिल्या पाच संघांना वर्षभराचं प्रशिक्षण आणि त्यानंतर नोकरी. निवडीच्या पत्रावर प्रत्येक संघाला बारा अक्षरांचा एक कोड दिला होता. तो कोड आणि कॉलेजचं सही-शिक्क्याचं पत्र एकत्र टाकलं की नोंदणी पक्की. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. दोघी शेवटच्या वर्षाला होत्या, म्हणजे पुढच्या वर्षी त्या विद्यार्थीच नसणार. जे काय व्हायचं ते याच वेळी.

"सोमवारी अकराला बाई येतील. बाराला आपलं काम झालेलं असेल," यूम्ना म्हणाली. "तोवर माझ्याकडेच राहा. सराव करू."

किशोरी आधी कपडे आणायला गव्हाणला गेली. निवडीच्या पत्राची छापील प्रत तिने देवघरात, एकवीरेच्या तसबिरीमागे ठेवली. त्यांच्या घरात महत्त्वाचे कागद तिथेच राहत. विमानतळाच्या जमिनीच्या नोटिसाही तिथेच होत्या. तिचे वडील काशिराम दारात जाळं शिवत बसले होते. खाडीत भराव पडल्यापासून होडी निम्मे दिवस काठालाच असे, पण जाळं शिवायचं त्यांनी सोडलं नव्हतं.

"कसला कागद हाय?" त्यांनी विचारलं.

"बंगलोरचा. मोठा कागद हाय, बाबा."

"काय लिवलंय त्याच्यात?"

रिक्षा फाट्यावर थांबून हॉर्न वाजवत होती. "तुला नाय कलायचा," किशोरी म्हणाली आणि पिशवी उचलून पळाली.

काशिराम बराच वेळ तसबिरीकडे बघत बसले. मग त्यांनी कागद काढला, घडी न मोडता छत्रीत घातला आणि उलव्याला भावेशच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले.

त्यांचंही काही चुकलं म्हणावं अशी गोष्ट नव्हती. गव्हाण फाट्यावर बारा महिने फ्लेक्स लागलेले असत. कुणाच्या पोराचा पहिला वाढदिवस, कुणाची नवी गाडी, कुणाची वॉर्डात निवड, तीही अजून व्हायची असलेली. मागच्या वर्षी एकाने आपला मुलगा परदेशी कंपनीत लागला म्हणून फ्लेक्स लावला आणि मुलगा नेरूळच्या मॉलमध्ये दरवाजा उघडताना सापडला. गाव महिनाभर हसत होतं. काशिरामच्या घरातल्या कुणाचा फोटो त्या फाट्यावर कधी लागला नव्हता. आता लावायचा तर असा, की कोणी दात काढता कामा नये.

"फोटो नुसता नको," ते भावेशला म्हणाले. "पत्र पन टाक. आख्खा. अक्षर न् अक्षर दिसला पायजे."

भावेशने पत्र स्कॅन केलं. त्याने ते वाचलं नाही. दिवसाला तीस फ्लेक्स छापणारा माणूस काय वाचतो?

सोमवारी सत्यवतीबाई अकराऐवजी पावणेएकला आल्या, हाताला मेंदी आणि डोळ्यांत झोप घेऊन. शिक्का कोरडा पडला होता. शाईची बाटली शोधण्यात वीस मिनिटं गेली. तोवर किशोरी खिडकीच्या गजांना धरून उभी होती आणि मनातल्या मनात त्या कपाटाला, त्या हळदीला आणि या सगळ्या कारभाराला शिव्या घालत होती. शेवटी निळा, अर्धवट उमटलेला शिक्का कागदावर पडला. दोघी लॅबकडे धावल्या.

यूम्नाने पत्र स्कॅन केलं. किशोरीने मेलमधून बघून कोड टाकला आणि बटण दाबलं.

कोड आधीच वापरण्यात आला आहे, असं पडद्यावर आलं.

तिने पुन्हा टाकला. एकेक अक्षर म्हणत टाकला. तेच.

"तू कुणाला दिलास?" यूम्नाने विचारलं.

"वेडी आहेस का? मी कुणाला देईन?"

आयोजकांना फोन लावला. तिकडच्या बाईंनी शांतपणे नोंदी तपासल्या. रविवारी दुपारी कुणीतरी हा कोड टाकला होता. नावाच्या जागी नुसती तीन अक्षरं आणि कॉलेजच्या पत्राऐवजी एका बोकडाचा फोटो. कोड एकदाच चालतो. सहज गंमत म्हणून कुणीतरी टाकून बघितला असावा, असं त्या म्हणाल्या.

तेवढ्यात यूम्नाच्या मोबाइलवर कुवेतहून तिच्या अब्बांचा मेसेज आला. 'माशाल्ला, बेटा. गव्हाणवाल्यांनी तर कमाल केली.' खाली फोटो होता, शंभर ठिकाणी फिरून आलेला. वर 'गव्हाण गावची वाघीण', मध्ये किशोरीचा दहावीतला फोटो, बाजूला पंधरा शुभेच्छुकांचे चेहरे. आणि उजवीकडे, माणसाच्या उंचीएवढं ते पत्र. यूम्नाने फोटो मोठा केला. बारा अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

किशोरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दोघींनी डिसेंबरात पनवेलच्या तीन शाळांत, एका पतपेढीत आणि ज्येष्ठ नागरिक संघात भाषणं दिली होती. पासवर्ड कुणाला दाखवू नका, आलेला नंबर कुणाला सांगू नका. टाळ्या मिळाल्या होत्या, नारळ मिळाला होता. आणि त्यांचा स्वतःचा कोड हमरस्त्यावर वीस फुटांवर टांगलेला होता.

"दुसरा कोड द्या ना, मॅडम," तिने फोनवर विनवलं. "चूक आमची नाही."

"कोड सांभाळणं ही संघाची जबाबदारी होती. तसं पत्रातच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "खरं सांगायचं तर तीच पहिली परीक्षा होती. तुमची जागा एकविसाव्या संघाला गेली." आवाजात राग नव्हता. त्याचाच किशोरीला जास्त त्रास झाला.

यूम्ना रडली नाही. तिने लॅपटॉप मिटला, चार्जरची वायर गुंडाळली आणि म्हणाली, "सगळ्या पनवेलला सांगितलं आपण. तुझ्या घरी नाही सांगितलं." मग ती निघून गेली.

संध्याकाळी ती फाट्यावर उतरली ती फ्लेक्स फाडायचाच असं ठरवून. पण फ्लेक्सखाली माणसं जमली होती. काशिराम इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध उभे होते. आई मैना पेढ्यांचं खोकं धरून होती. शेजारी नवी कोरी, चाकांची बॅग होती.

"आली," काशिराम म्हणाले. "बंगलोरला नेयाला बॅग घेतली तुला. ये, आता सगल्यांना वाचून दाखव काय लिवलंय. मी सांगतंय तर कुनी आयकत नाय."

तिला ओरडायचं होतं. रिक्षात तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. बापाच्या शर्टाची कॉलरवरची घडी बघून त्यातलं एकही बाहेर आलं नाही. ती मान वर करून वाचू लागली, इंग्रजीचं मराठी करत. आपली निवड झाल्याचं कळवण्यास आनंद होतो. साडेतीनशे संघांतून वीस. अंतिम फेरी बंगलोरला. माणसं माना डोलवत होती. खाली मान्यवरांच्या सह्या. तिने वाचणं थांबवलं. टाळ्या पडल्या.

"लाल अक्षरांची राहिली की," काशिराम म्हणाले.

"तेवढा काय नाय, बाबा."

"नाय कसा? लाल हाय म्हंजे तेच महत्त्वाचा. मी भावेशला बोललो, यो सगल्यांत मोटा कर. वाच."

खरंच ती ओळ सगळ्यांत मोठी केली होती. कोडाच्या बरोब्बर खाली, चार बोटं उंचीच्या अक्षरांत. किशोरी पेढ्यांच्या खोक्याकडे वळली. पण ते वाट बघत होते, आणि आज ती त्यांना पुन्हा 'तुला नाय कलायचा' म्हणू शकत नव्हती.

"वरचा कोड," तिने वाचलं, "कोणत्याही परिस्थितीत कोणालाही दाखवू नये. तसे झाल्यास निवड रद्द होईल."

मैनाच्या हातातलं पेढ्याचं खोकं तसंच पुढे धरलेलं राहिलं. काशिरामनी एकदा लाल अक्षरांकडे बघितलं आणि एकदा मुलीकडे.

"जाली का रद्द?"

"जाली."

ते खाली वाकले आणि नव्या बॅगेचं बाहेर ओढलेलं हँडल हळूच आत दाबून बसवलं.

"मी इचारला होता तुला, किशे," ते म्हणाले, "काय लिवलंय म्हनून."