माझ्या पाठीवरचे गाव

मी एक जुने टेबल आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, टेबलाला कसले आले चरित्र? चार पाय, एक पाठ, संपले! पण एका संध्याकाळी या पाठीवर अख्खे गाव होते, आणि ते सांडता सांडता वाचले. ती संध्याकाळ आठवली की अजूनही माझ्या फळ्या करकरतात.

माझे लाकूड आधी पुलाचे होते. गावाबाहेर ओढ्यापलीकडे दगडाची खाण होती आणि खाणीवर जायला एक लाकडी पूल होता. खाण बंद पडली, पलीकडे जाणारे कुणी उरले नाही. मग पूल उतरवला आणि त्याच्या फळ्या सुताराच्या अंगणात येऊन पडल्या. "आजवर लोकांनी तुला तुडवलं, आता हात फिरवतील," रंधा मारताना सुतार म्हणाला. लाकडाशी बोलायची त्याला खोड होती. माणसांशी मात्र तो जेवढ्यास तेवढे बोले.

मला बनवून घेतले गावच्या शिंप्याने. कापड बेतायला त्याला लांबरुंद टेबल हवे होते. माझ्या एका कडेला त्याने वीतवीत अंतरावर पितळी खिळे ठोकले, म्हणजे मोजपट्टी हाताशी नसली तरी अडू नये. कात्री चालवण्यापूर्वी तो या खिळ्यांवरून तळहात फिरवी आणि मान वर करून समोरच्या गिऱ्हाइकाकडे एकदा बघे. मगच कात्री. समोर गिऱ्हाईक नसेल तर तो कापड कापतच नसे. एकदा एक गृहस्थ परगावच्या भावासाठी कोट शिवून मागू लागले. म्हणाले, "भाऊ अगदी माझ्यासारखाच आहे. माझंच माप घ्या की!"

"भाऊ तुमच्यासारखा असेल हो, पण पाठ त्याची आहे," शिंपी म्हणाला. "त्यालाच पाठवा." गिऱ्हाईक गेले ते गेलेच. शिंप्याची बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

त्याची लहान मुलगी माझ्या पायांशी बसून लोहचुंबकाने सांडलेल्या टाचण्या गोळा करी. म्हणून तिचे नाव पडले टाचणी. नाव शोभायचेही, कारण ती बोलली की टोचायचे.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. पुढे तयार कपड्यांची दुकाने आली, गिऱ्हाइके आटली, शिंपी थकला आणि एके दिवशी गेला. टाचणीने मला गावच्या सभागृहाला देऊन टाकले. तिथे माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, मोडक्या खुर्च्या रचल्या. कुणी गरम किटली ठेवून गोल डाग पाडले, तर कुणी पेनाने आपले नाव कोरले. शिंप्याच्या घरी माझ्यावर पाण्याचा थेंब पडला तरी आरडाओरडा व्हायचा, आणि इथे कुणी चिंधीही फिरवीना. मला फार वाईट वाटे. सांगणार कुणाला?

गावालाही तेव्हा बरे दिवस नव्हते. तरुण मंडळी बाहेर गेली होती, निम्म्या घरांना कुलपे होती, आणि उघडी होती त्यांची भाडी ऐकून माणूस आल्या पावली परत जाई. गावाबाहेरच्या मोठ्या गोठ्यात दूध काढणारी बारा कुटुंबे गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहात. मालकाला तिथे यंत्रे बसवायची होती, म्हणून हंगाम संपला की खोल्या रिकाम्या करा, असे त्याने बजावले होते. ही बारा कुटुंबे गेली असती तर त्यांची मुले गेली असती, आणि ती मुले गेली असती तर शाळाही बंद झाली असती. गुरुजींच्या पटावर बाकी उरतच काय होते?

वरच्या कार्यालयाने बारा घरे बांधून देण्याचे कबूल केले होते. अट एकच होती. घरे कुठे बांधायची ते गावाने एकमताने ठरवायचे. हे एकमत काही होईना. घरे हवीत, यावर सगळे राजी. पण माझ्या दारात नकोत, यावरही सगळेच राजी. तीन सभा भांडणात गेल्या आणि घोंगडे भिजत पडले. शेवटी कार्यालयातले साहेब स्वतः आले. ते पहिल्याच वाक्यात म्हणाले, "आज ठरलं तर ठीक. नाहीतर ही घरं शेजारच्या गावाला जातील. तासाभरानं मला निघायचंय."

टाचणी आता गावसमितीची अध्यक्ष होती. केस पिकले होते, तरी लोक तिला टाचणीच म्हणत. तिने माझ्यावरचे डबे खाली काढले, मला पुसले आणि वडिलांच्या खडूने माझ्या पाठीवर गाव काढले. रस्ता, शाळा, दुकान, गोठा, आणि पार कोपऱ्यात, जिथे माझी फळी थोडी चिरली आहे तिथे, ओढ्यापलीकडची खाण. मग बारा रिकाम्या काड्यापेट्या काढून ती म्हणाली, "ही घरं. ज्याला जिथं योग्य वाटतं तिथं ठेवा. दुसऱ्याची पेटी हलवायची असेल तर कारण सांगून हलवा. ओरडायचं नाही."

आणि काय सांगू, लोक खरोखरच ओरडले नाहीत! पेट्या मात्र चालू लागल्या. गुरुजींनी दोन पेट्या शाळेमागे ठेवल्या. दुकानदारकाकांचे घर तिथेच. त्यांनी त्या अलगद उचलल्या, "इथं ट्रक वळतो," म्हणाले आणि पुढे सरकवल्या. पुढच्याने विहिरीचे कारण काढले, त्याच्या पुढच्याने सावलीचे. प्रत्येक जण अगदी गोड बोलत होता आणि प्रत्येकाचे बोट पेटीला आपल्या दारापासून दूर ढकलत होते. बघता बघता बाराही पेट्या माझ्या चिरलेल्या कोपऱ्यात गोळा झाल्या. खाणीपाशी.

"कुणाची हरकत?" साहेबांनी विचारले.

कुणाचीच नव्हती. खाणीपाशी राहातच कोण होते हरकत घ्यायला? सगळ्यांनी हुश्श केले. "पुलाचं बघू पुढं कधीतरी," कुणीतरी पुटपुटले. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. तिकडे जायला पूल नाही हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? तो पूल म्हणजे मीच! माझ्याच अंगावर रेलून हे लोक माझ्याशिवायचा ओढा ओलांडायला निघाले होते. मला ओरडावेसे वाटत होते. पण लाकूड ओरडत नाही. फार तर करकरते, आणि टेबल करकरले तर लोक पायाखाली कागदाची घडी सरकवतात.

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. टाचणीने पेट्यांभोवती पक्की रेघ मारायला खडू उचलला. पूर्वी वडिलांचा हात जायचा तसा तिचा डावा हात आपोआप माझ्या कडेकडे गेला. तळहात पितळी खिळ्यांवरून फिरला आणि तिची मान वर झाली.

समोर कुणीच नव्हते. एक रिकामी खुर्ची होती आणि तिच्यामागे भिंत.

टाचणीचा हात थांबला. ती बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिली. मग तिने खडू खाली ठेवला. "अहो, आपण माप कुणाचं घेतलं?" ती म्हणाली. "ज्यांना राहायचंय त्यांच्यापैकी इथं आहे कोण?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. बारा कुटुंबांतले एकही माणूस सभेत नव्हते. आणि असणार तरी कसे? गावाची सभा नेहमीच संध्याकाळी, सगळ्यांच्या सोयीने. आणि संध्याकाळ म्हणजे धारा काढण्याची वेळ. चारही सभा याच वेळी झाल्या होत्या आणि कुणाच्या हे ध्यानातही आले नव्हते.

"ठरत आलंय तर खोडा घालू नकोस, टाचणे," दुकानदारकाका म्हणाले. "डोक्यावर छप्पर मिळतंय त्यांना. ते कशाला नको म्हणतील?"

"मग विचारायला भीती कसली, काका?"

"आता बोलवायचं त्यांना? म्हशी काय सभेसाठी थांबणारेत?"

"नाहीच थांबणार. म्हणून आपण जायचं." तिने माझ्या पाठीवर थाप मारली. "टेबल उचला."

"या पेट्यांसकट?"

"सकट! तिथं काय हवेत बोट फिरवून गाव दाखवायचं?"

साहेबांनी घड्याळ पाहिले, पण पेनाला टोपण लावले. पाच जण पुढे झाले. मी मूळचे पुलाचे, वजनाला काही कमी नाही. सहाव्याशिवाय मी जागचे हलेना. "दुकानदार, तुमच्याच घरावरनं जायचंय," गुरुजी म्हणाले. "धरा कोपरा." काका कुरकुरत आले. त्यांच्या वाट्याला नेमका खाणीचा कोपरा आला.

दाराशी घोडे अडले. एका अंगावर तिरके केले असते तर मी सहज बाहेर पडले असते. पण तिरके केले की गाव सांडणार. शेवटी दाराची एक झडप बिजागरीतून काढली. रस्त्यावर वारा होता. पेट्या थरथरू लागल्या. टाचणी शेजारून चालत दोन्ही हातांनी आडोसा करत होती आणि ओरडत होती, "सपाट धरा! गुरुजी, तुमच्याकडे गाव उतरतंय!" गोठ्यासमोरच्या खड्ड्यात एकाचा पाय मुरगळला, मी कलंडले आणि सगळ्या पेट्या घसरत निघाल्या. अकरा कडेशी येऊन थांबल्या. बारावी खाली जाणार तोच काकांनी एका हाताने ती हवेतच झेलली आणि दुसऱ्या हाताने माझा कोपरा तोलून धरला. त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली होती. पण त्यांनी मला सोडले नाही.

गोठ्याच्या दारात मला टेकवले. आत धारांचा आवाज चालू होता. एक बाई बादली घेऊन बाहेर आली. तिला सगळे वहिनी म्हणत. तिची मुलगी गुरुजींच्या वर्गात होती आणि धाकटे बाळ गवताच्या ढिगापाशी झोपले होते.

टाचणीने पेट्या पुन्हा खाणीपाशी मांडल्या आणि म्हणाली, "वहिनी, ही तुमची घरं. गावानं इथं ठरवलीत. चालतील?"

वहिनीने आधी साहेबांकडे पाहिले, मग मालकाच्या बंगल्याकडे, मग माझ्याकडे. "चालतील ना," ती हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणाल तिथं राहू." काकांनी टाचणीकडे बघून मान हलवली, बघ, म्हणालो नव्हतो?

टाचणी जागची हलली नाही. "असं नका म्हणू. आमच्याकडं पाहून सांगू नका. सकाळी उठलात, दार उघडलंत. पुढं?"

वहिनीने बादली खाली ठेवली. मग तिने खाणीवर बोट ठेवले. "पहाटेच्या धारा असतात. म्हणजे अंधारात निघायचं." बोट ओढ्याशी आले आणि थांबले. "इथं पाणी. बाळ कडेवर, पोरगी हाताशी. मला उशीर झाला तर तिच्या शाळेची वाट कोण धरणार?" तिचा आवाज चढला. "तुमच्यातलं कुणी गेलंय का तिकडं अंधारात? त्यापेक्षा आमची पत्र्याची खोली बरी होती की!"

आतले आणखी चारपाच जण हात पुसत बाहेर आले होते.

"मग कुठं?" टाचणीने विचारले.

वहिनीने ओल्या हाताने पेट्या उचलल्या आणि एकेक करत शाळेमागच्या पट्टीत ठेवल्या. ठेवताना तिचा अंगठा खडूवर दाबला गेला. "इथनं गोठा जवळ, शाळा जवळ. बाळ रडलं तर कुणाच्या तरी कानावर जाईल."

ती पट्टी गावाची होती. पण वर्षानुवर्षे दुकानदारकाकांचे खोके तिथे पडलेले असत. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. काकांचा चेहरा उतरला. "ट्रक तर काय, कुठूनही वळेल," ते म्हणाले. "पण ती जागा मी पोरासाठी धरून ठेवली होती. परत आला तर शेजारीच घर बांधेल म्हणून. इतकी वर्षं झाली, नुसता फोन करतो." ट्रकचे खरे कारण हे होते तर! मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच ओसरला.

साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिले. अकरा पेट्या माझ्यावर होत्या. बारावी अजून काकांच्या मुठीत होती. एकमत म्हणजे एकमत. एकाने मान फिरवली असती तरी घरे शेजारच्या गावाला गेली असती. वहिनी काकांकडे बघत होती. ती विनवत नव्हती, नुसती उभी होती, शिंप्यापुढे गिऱ्हाईक उभे राहते तशी.

काका पुढे आले. त्यांनी पेटी आपल्या घराच्या अगदी समोर ठेवली, हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि पेटी वळवली. "याचं दार माझ्याकडं करा," ते म्हणाले. "समोर पाठ नको. दार दिसलं पाहिजे."

टाचणीने माझ्या कडेवरून हात फिरवला, मान वर केली, वहिनीकडे पाहिले आणि मग रेघ मारली.

घरे झाली, मित्रांनो. कुरकुर झालीच, ज्यांनी त्या दिवशी होकार दिला तेच पुढे विटांच्या धुळीवरून भांडले. शाळा चालू राहिली. काकांचा मुलगा अजून आलेला नाही. पण समोरच्या दारातले बाळ आता दुडुदुडु त्यांच्या दुकानात जाते आणि खोके उपसते, आणि काका ओरडल्यासारखे करतात.

मला कुणी सभागृहात परत नेलेच नाही. परत उचलायला सहा जण कोण जमवणार? आता मी नव्या घरांच्या ओट्यावर असते. मुले माझ्यावर अभ्यास करतात आणि शाई सांडतात. खडूचे गाव केव्हाच पुसले गेले. पण वहिनीच्या ओल्या अंगठ्याचा डाग लाकडात मुरला, तो अजून आहे. मला पुसणारी बाई त्याच्या कडेकडेने फडके फिरवते.

माझे मागणे थोडेच आहे. माझ्यावर गरम भांडी ठेवू नका आणि नावे कोरू नका. आणि कधी कुणासाठी काही ठरवायला बसलात, तर रेघ मारण्याआधी एकदा मान वर करा. तो माणूस समोर दिसला नाही, तर मला उचला आणि त्याच्या दारी घेऊन चला. मी जड आहे, मला ठाऊक आहे. पण सहा जण लागतात, एवढेच.